इस्तंबूल: १४५३ चा वेढा प्रत्यक्ष जागेवर समजून घ्यायचा आहे, काय काय पाहू?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये बाबांना घेऊन इस्तंबूलला जाते आहे. पाच दिवस हातात आहेत. बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. 'इ.स. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले' हे वाक्य त्यांनी तीस वर्षं दरवर्षी फळ्यावर लिहिलं. मीही त्यांच्याच वर्गात होते. खडूचा तुकडा आडवा धरून ते समुद्र रंगवायचे आणि मधल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणायचे, "इथे ते शहर." ते शहर, म्हणजे आजचं इस्तंबूल, त्यांनी स्वतः कधी पाहिलेलं नाही.

आयासोफ्या, निळी मशीद, तोपकापी राजवाडा हे ठरलेलंच आहे. बाबांना मात्र वेढा पाहायचाय. तोफा कुठे होत्या, तट कुठे फुटला, जहाजं डोंगरावरून कुठून ओढली, हे सगळं. टूरवाल्यांच्या यादीत यातलं काहीच दिसत नाही. तटबंदी पाहण्यासारखी उरली आहे का? बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर तीन-चार किलोमीटर चालतात, पायऱ्या नकोत. ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

खारा वारा

तटबंदी नक्की बघा, पण आधी एक सावधगिरीची सूचना. इस्तंबूलमध्ये तोपकापी दोन आहेत. राजवाडा पूर्वेच्या टोकाला, समुद्राकाठी. तोपकापी दरवाजा पश्चिमेच्या तटात, आणि त्याच नावाचा ट्रामचा थांबाही तिकडेच. आम्हाला राजवाड्यात जायचं होतं. टॅक्सीत बसून नुसतं 'तोपकापी' म्हटलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उतरलो. आई बरोबर होती, तिचा अर्धा दिवस हकनाक गेला. राजवाड्यासाठी ट्रामने सुलतानअहमेत किंवा ग्युलहाने थांब्यावर उतरा. वेढ्यासाठी त्याच ट्रामने उलट दिशेला तोपकापी.

कापी म्हणजे दरवाजा आणि तोप म्हणजे आपली तोफच. तो तुर्की शब्द फारसीतून आपल्याकडे आला. बाबांना हे आवडेल.

तटसरदार

ताई, मी दोनदा गेलोय. दुसऱ्या खेपेला तर फक्त तटबंदीसाठी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयासोफ्या एक दिवस उशिरा पाहिलीत तरी चालेल, पण जमिनीकडच्या तटाला एक अख्खा दिवस द्या. वेढा काय होता ते तिथेच कळतं. मार्मारा समुद्रापासून गोल्डन हॉर्नच्या खाडीपर्यंत साधारण साडेसहा किलोमीटर तट आहे आणि त्यातला बराचसा आजही उभा आहे. दुसऱ्या थिओडोशियसच्या कारकिर्दीत ४१३ पर्यंत आतली मुख्य भिंत झाली. ४४७ च्या भूकंपात ती पडझडली, तेव्हा दुरुस्ती करून बाहेरची दुसरी भिंत आणि खंदक केला. आपल्या सह्याद्रीत निम्मं काम डोंगरानेच केलेलं असतं. इथे डोंगर नाही, म्हणून माणसांनी तीन पायऱ्यांचा डोंगर रचला. आधी सुमारे वीस मीटर रुंद खंदक, मग बाहेरची भिंत, मग मोकळी पट्टी आणि तिच्यामागे बारा मीटर उंच, पाच मीटर जाड मुख्य भिंत, ९६ बुरुजांसकट. बांधणी जवळ जाऊन बघा. पांढरट चुनखडीचे थर आणि मध्ये मध्ये लाल विटांचे पट्टे, विटा आपल्यापेक्षा पातळ आणि पसरट. हात लावला की विटेइतकाच जाड चुना लागतो.

सुरुवात दक्षिणेकडून करा. मार्माराय रेल्वेने काझलीचेश्मेला उतरलात की येदिकुले जवळ आहे. तिथे सम्राटांच्या मिरवणुकीचा सुवर्णद्वार होता. शहर जिंकल्यावर ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदने त्यालाच जोडून किल्ला बांधला. पुढे याच किल्ल्यात १६२२ मध्ये दुसरा उस्मान हा तरुण सुलतान मारला गेला. येदिकुलेजवळच्या खंदकात अजून काही ठिकाणी भाजीचे मळे दिसतात. लेट्यूसचे वाफे, पाण्याची नळी, मागे पंधराशे वर्षांचा बुरुज. मी तिथे अर्धा तास नुसता उभा होतो.

पुढे सिलिव्रीकापी. १२६१ च्या जुलैमध्ये याच दरवाजाने बायझंटाइनांची, म्हणजे शहराच्या मूळ ग्रीक साम्राज्याची, छोटी तुकडी रात्री आत शिरली आणि लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपातल्या लोकांकडून शहर परत मिळवलं. त्यानंतर मेव्हलानाकापी. इथे दरवाजावर ४४७ चा शिलालेख आहे. दोन महिन्यांच्या आत हा तट उभा केला, इतक्या थोड्या वेळात एवढा भक्कम कोट प्रत्यक्ष देवी पॅलसलाही जमला नसता, असा त्याचा आशय. अक्षरं डोळ्यांनी दिसतात.

आणि मग तोपकापी ते एदिर्नेकापी हा टप्पा. सगळा वेढा खरं तर इथेच घडला. नकाशावर तट सरळ दिसतो, प्रत्यक्षात तो इथे लायकस ओढ्याच्या दरीत उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. आज त्या दरीतून वतन जादेसी हा मोठा रस्ता तट भेदून आत जातो. रस्त्याच्या कडेला तटाकडे पाठ करून उभे राहा आणि पश्चिमेला पाहा. समोरची जमीन उंच आहे. तोफा तिथे लावल्या की त्यांना तट खाली दिसत होता. एकवीस वर्षांच्या मेहमेदने मुख्य मारा इथेच का केला, हे त्या जागी उभं राहिल्यावर कुणी सांगावं लागत नाही.

ओर्बान नावाच्या हंगेरीच्या कारागिराने ओतलेली मोठी तोफ एदिर्नेहून साठ बैलांनी ओढत आणली होती. पाचशे किलोहून जड गोळा. पण ती इतकी तापायची की दिवसभरात सातच बार निघायचे. दोन बारांच्या मधल्या वेळात आणि रात्री आतले लोक पडलेल्या जागी लाकडं, माती, भरलेली पिंपं रचून मेढेकोट उभा करायचे. दगडी भिंत गोळ्याने फुटते, मातीत गोळा रुततो. सात हजारांच्या आसपास माणसं, सहा-साडेसहा किलोमीटरचा तट, आणि समोर दहापटीने फौज. दोन्ही भिंतींवर पुरतील एवढी माणसं नव्हती, म्हणून सगळे बाहेरच्या भिंतीवर उतरले आणि पाठीमागचे दरवाजे लावून घेतले.

६ एप्रिल ते २९ मे, असे ५३ दिवस त्यांनी काढले. शेवटच्या पहाटे शहर राखणारा सेनापती, जिनोआचा जिओवानी जुस्तिनियानी, जखमी झाला. जानेवारीत स्वतःहून सातशे माणसं घेऊन आलेला हा गडी. त्याला आत नेण्यासाठी मागचा दरवाजा उघडला, सेनापती निघाला हे पाहून बाकीच्यांचा धीर सुटला. सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन तिथेच गर्दीत पडला, त्याचं प्रेत कुणालाही खात्रीने ओळखता आलं नाही. तो मंगळवार होता. ग्रीक लोक आजही मंगळवारी शुभकार्य टाळतात.

संध्याकाळनंतर तटाच्या कडेला थांबू नका, काही भाग अगदी निर्जन आहे. आणि तटावर चढायचे जिने उभे आहेत, कठडा नाही. बाबांना चढवू नका. खालूनच जास्त कळतं.

सांजवेळ

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. फक्त आयासोफ्याच्या वरच्या सज्जाला घाई करू नका एवढं म्हणेन. पर्यटकांना आता तिकीट काढून तिथेच सोडतात. खाली फक्त नमाजाला येणारे जातात.

१४५३ समजायचं तर १२०४ आधी समजायला हवं. सज्जात जमिनीवर एनरिको दांदोलोच्या नावाची शिळा आहे. व्हेनिसचा हा अंध, म्हातारा दोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, चौथ्या क्रुसेडबरोबर आला आणि १२०४ च्या एप्रिलमध्ये ख्रिश्चनांनीच हे ख्रिश्चन शहर लुटलं. शर्यतीच्या मैदानातले ब्राँझचे चार घोडे व्हेनिसला गेले, ते आजही सेंट मार्कमध्ये आहेत. पुढची सत्तावन्न वर्षं शहर लॅटिनांच्या ताब्यात होतं. परत मिळालं तेव्हा आत शेतं आणि पडकी घरं. मेहमेदसमोर जे शहर उभं होतं ते अडीचशे वर्षांपूर्वीच मोडलेलं होतं, असं मला मनापासून वाटतं. त्या शिळेजवळ दोन मिनिटं थांबा.

त्याच सज्जाच्या कठड्यावर हाल्फदान नावाच्या कुणा व्हायकिंगने रूनी लिपीत स्वतःचं नाव कोरलंय. सम्राटाच्या पदरी उत्तरेकडचे भाडोत्री सैनिक असत, त्यांच्यापैकी असावा. काचेखाली आहे, विचारून घ्या.

कातळशिल्प

धागा वाचताना ते फळ्यावरचं वाक्य आठवलं आणि राहवेना. आमच्या पुस्तकात पुढचं वाक्य असायचं, की तुर्कांनी व्यापारी मार्ग बंद केले, म्हणून युरोपीय समुद्रमार्ग शोधायला निघाले. मी हे अनेक वर्षं खरं धरून चाललो. पण तारखा शेजारी मांडल्या की ते टिकत नाही. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउटा १४१५ मध्ये घेतलं, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोहादोरचं टोक १४३४ मध्ये ओलांडलं, म्हणजे शहर पडायच्या कितीतरी आधी. मेहमेदने खाडीपलीकडच्या गलाताच्या जिनोईज व्यापाऱ्यांना शहर पडल्यावर तीनच दिवसांत अभय दिलं, व्हेनिसशी १४५४ मध्ये तह केला. आणि मसाल्याचा मोठा व्यापार अलेक्झांड्रियातून चालायचा, ते इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुकांकडे होतं. ऑटोमनांनी इजिप्त जिंकलं १५१७ मध्ये. तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन गेला होता.

सरांनी शिकवलं ते चूक असं म्हणायचं नाही, पुस्तकात तेच होतं. पण त्यांना हे सांगून पाहा, त्यांचं मत ऐकायला आवडेल.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये असतो. ओर्बानची तोफ आज कुठे नाही, पण तिच्या जातीची एक इथे पोर्टस्मथजवळ फोर्ट नेल्सनमध्ये आहे. १४६४ मध्ये मुनीर अलीने ओतलेली, जवळजवळ सतरा टन, दोन तुकड्यांची. मधे आटे आहेत, दारूचा भाग आणि नळीचा भाग एकमेकांत फिरवून बसवायचा. सुलतान अब्दुलअझीझने १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियाला भेट दिली. तोंडात माणूस वाकून बसू शकेल एवढी आहे.

एवढं लांब यायला नको असेल तर विजापूरला जा. मुलुख मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ओतणाऱ्याच्या नावात 'रूमी' आहे, म्हणजे ऑटोमन मुलखाकडचा. तीच विद्या शंभर वर्षांत दख्खनमध्ये पोचली होती.

नदीकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. 'कातळशिल्प' यांना बाबांचा निरोप: "तारखा बरोबर आहेत. मामलुकांचा मुद्दा मी कधी वर्गात मांडला नाही, मांडायला हवा होता." मग स्वतःच वहीत टिपून घेतलं.

आता अडचण चालण्याची. साडेसहा किलोमीटर त्यांना झेपणार नाही. एका दिवसात निवडक काय करू? आणि ती जहाजं, साखळी, त्याचं काय?

तटसरदार

ताई, मग असं करा. येदिकुले सोडा, ते तरुणांसाठी. सकाळी ट्रामने तोपकापी थांबा. थांब्याजवळच १४५३ पॅनोरामा संग्रहालय आहे, २००९ मध्ये सुरू झालं. गोल घुमटाच्या आत चहूबाजूंनी हल्ल्याचं चित्र आणि तोफांचा आवाज. तुर्कांच्या बाजूने सांगितलेली कथा आहे हे लक्षात ठेवून बघा, पण जागेची कल्पना छान येते आणि बसायला मिळतं. तिथून रस्ता ओलांडला की समोर खरा तट. बाहेरच्या बागेतून सपाटीवर वतन जादेसीपर्यंत जा, हे बाबांना नक्की जमेल. तिथून पुढचा चढ टॅक्सीने, एदिर्नेकापी. मेहमेद याच दरवाजाने शहरात शिरला. तिथून खाली उतारावर कारीये आहे, जुनं कोरा चर्च. २०२४ पासून पुन्हा मशीद म्हणून उघडलंय, भिंतींवरची चौदाव्या शतकातली मोझेक बघायला मिळतात. नमाजाच्या वेळा आधी बघून घ्या. एवढं झालं की त्या दिवशी अजून काही करू नका.

जहाजांसाठी वेगळा दिवस, आणि तो बोटीवर बसून. गोल्डन हॉर्नच्या तोंडाशी साखळी होती, ती तोडता आली नाही म्हणून २२ एप्रिलला सत्तरेक जहाजं चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून गलातामागच्या टेकडीवरून ओढून कासिमपाशाच्या बाजूला खाडीत उतरवली. गलाता पुलावर उभे राहिलात तर ती टेकडी समोर दिसते. साखळीचे तुकडे हार्बियेच्या लष्करी संग्रहालयात आहेत, एकेक कडी मनगटाहून जाड.

मग बॉस्फरसच्या फेरीबोटीने रुमेली हिसारी पाण्यावरून पाहा. वेढ्याच्या आदल्या वर्षी, १४५२ मध्ये, साडेचार महिन्यांत बांधलेला किल्ला. तीन मोठे बुरुज तीन वजिरांनी आपापल्या जबाबदारीवर उभे केले. जुनं नाव बोगाझकेसेन, म्हणजे सामुद्रधुनी कापणारा, आणि बोगाझ म्हणजे गळासुद्धा. पात्र तिथे सगळ्यात अरुंद आहे, समोर आशियाच्या काठावर मेहमेदच्या पणजोबाचा, बायझिदचा किल्ला. बाबांना बोटीच्या डाव्या बाजूला बसवा.

सांजवेळ

एक राहिलं. वेळ उरला तर फेनेरमधलं लाल रंगाचं 'मंगोलांच्या मरियम'चं चर्च. मिखाएल आठव्याची मुलगी मारिया इराणच्या मंगोल खानाला, अबाकाला दिली होती. तो गेल्यावर ती परत आली आणि तिचं नाव या चर्चला मिळालं. शहर पडल्यावरही सतत चर्च म्हणूनच चालू राहिलेलं बायझंटाइन काळातलं हे एकमेव चर्च. रस्ता मात्र खूप चढाचा, त्यामुळे टॅक्सी अगदी दारापर्यंत न्या.

नदीकाठची

फेनेरही वहीत गेलं. बाबा आता रोज संध्याकाळी शाळेची जुनी नकाशाची गुंडाळी उघडून बसतात आणि लायकसची दरी पेन्सिलने काढून बघतात. दुर्बीण घेतली आहे. मेव्हलानाकापीचा शिलालेख त्यांना पाहायचाच आहे, तर पॅनोरामाच्या आधी टॅक्सीने दहा मिनिटं तिकडे थांबू. परत आल्यावर फोटो इथेच टाकते.