क्वार्ट्झला इतकं हिणवू नका

सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळात लाखभर रुपये कशाला घालायचे, हा मुद्दा काही पटला नाही. सेइकोचं ॲस्ट्रॉन, पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, १९६९च्या नाताळात विक्रीला आलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती! ग्रँड सेइकोचं ९एफ हे क्वार्ट्झ यंत्र आजही वर्षाला फार तर १० सेकंद मागेपुढे होतं. अचूकतेसाठी मिळणाऱ्या स्विस क्रोनोमीटरच्या प्रमाणपत्रात मेकॅनिकलला, म्हणजे सेलऐवजी स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळाला, रोजच -४ ते +६ सेकंदांची मुभा असते.

तरी माझ्या मनगटावर मेकॅनिकलच आहे. लहानपणी आजोबांच्या एचएमटीला रोज चावी द्यायचं काम माझ्याकडे होतं, ते वेड गेलं नाही. पण घेण्याआधी सर्व्हिसिंगचा खर्च विचाराच. आणि फक्त लग्नकार्यात घालणार असाल तर सरळ क्वार्ट्झ घ्या. ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं मेकॅनिकल, न घालता ठेवलं की दोन-तीन दिवसांत बंद पडतं, मग ऐन निघायच्या वेळी तारीख लावत बसा.