जी-९ केळीच्या एकाच झाडाला पांढरे पट्टे, मुनवा (बुंध्याशी फुटणारं पिल्लू) कुठला धरावा?

मंडळी, वाळवा तालुक्यात उसाच्या बांधाला घरच्यापुरती जी-९ जातीची केळी लावलीय, टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं. त्यातल्या एकाच झाडाचे पोंगे (गुंडाळलेली नवी पानं) आता पांढरे पट्टे घेऊन उलगडतायत. चुन्याचं बोट ओढावं तसा पट्टा, मधल्या शिरेपासून थेट कडेपर्यंत. देठावरून खाली खोडावरही उतरलाय.

आमच्याकडं पान फिकं दिसलं की पहिल्यांदा तोंडात येतं 'केवडा'. चुनखडीची जमीन, लोह कमी पडतं, उसात बघतोच. पण केवड्यात शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. शिवाय शेजारची केळ गर्द हिरवी आहे.

चुलते म्हणतात हा हरण्या रोग, आजच उपटून जाळ. त्यांची भीती खोटी नाही. हरण्या ज्यानं होतो तो कुकुंबर मोझॅकचा विषाणू मावा किडीतून पसरतो आणि आमच्या बांधावर काकडीचे वेलही आहेत. पण हरण्यात पट्टे तुटक, पिवळसर असतात, रोग वाढला की पोंगा सडतो. इथं पान मुडपलेलं नाही, पोंगा ताजा. फक्त पांढरा भाग दुपारच्या उन्हात करपतोय. हरितद्रव्यच नाही म्हटल्यावर करपणारच.

माझा अंदाज असा की शेंड्यातल्या एखाद्या पेशीत बदल झाला आणि तिच्यापासून वाढलेला भाग पांढरा निघतोय. टिश्यू कल्चरमध्ये अशी वेगळी रोपं निघतात, बुटकी तर नेहमीचीच. हवाईतली 'आए आए' केळ अशीच पट्टेरी, तिचं कच्चं फळसुद्धा पट्ट्यांचं.

आता मुद्द्याचं. मुनवे फुटलेत: एक पूर्ण हिरवा, पट्ट्याच्या बाजूचा एक अर्धा पांढरा आणि एक जवळपास सगळाच पांढरा. शेवटचा आईच्या जिवावर जगतोय, तोडला की मरणार, हे कळतं. अर्ध्या पांढऱ्याचं काय करू? तलवारीसारखी पानं आहेत तोवर कंदासकट काढू, की अजून वाढू देऊ? हिरवा आत्ता कापला तर त्याचा जोर पट्टेरीकडं वळेल का? वर शेडनेट टाकायची तर किती टक्क्यांची? आणि कुणाला रोप देण्याआधी विषाणूची तपासणी सांगली-कोल्हापूरकडं कुठं होते?

पट्टेरी केळ कुणी वाढवली असेल तर एवढं नक्की सांगा, पुढच्या मुनव्यात पट्टा टिकला की परत हिरवीच झाली? जरा लवकर सांगा, चुलते कोयता घेऊन बांधावर चकरा मारतायत.