फायबरच्या लँडलाइनवर मोडेम टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंदुरात रामबाग ते राजवाडा, दोन्ही टोकांना ५६के मोडेम (फोनच्या लाइनवरून संगणक जोडणारी यंत्रं). दोन्हीकडे ॲनालॉग, म्हणून वेग ३३.६ किलोबिट/सेकंदच्या वर जाणार नाही, हे मान्यच. तांब्याच्या तारेवर व्ही.३४ (त्या वेगाचं मोडेम मानक) छान जुळायचं. आता एका टोकाची लाइन फायबरच्या डब्यातून येते. समोरच्या मोडेमचा २१०० हर्ट्झचा उत्तराचा सूर, मग खरखर, 'कनेक्ट', आणि मिनिटाभरात 'नो कॅरिअर', म्हणजे जोडणी तुटली. डब्याचा कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) जी.७११ आहे (आवाज जास्त दाबणारा जी.७२९ असता तर एवढंही जमलं नसतं), त्यामुळे संशय जिटर बफरवर (मागेपुढे येणारी आवाजाची पॅकेटं सावरणारा साठा): तो मध्येच सरकला की फेज, म्हणजे लहरीची लय, बिघडते. मोडेममध्ये एस१०=५० करून, म्हणजे कॅरिअर हरवल्यावर फोन तोडण्याआधी ५ सेकंद कळ काढूनही फरक नाही. आता मोडेम व्ही.३२बिस या जुन्या, संथ मानकावर १४,४०० बिट/सेकंदला बांधावा, की आधी डब्यातला बफर स्थिर ठेवून एको कॅन्सलर (प्रतिध्वनी पुसणारी सोय) बंद करावा? कोणी करून पाहिलंय का?