टेनेसीच्या आजींची बोली मराठीत कशी आणू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या आजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगरातल्या. वय ८७. त्यांच्या लहानपणीच्या आठवणी मी मराठीत उतरवतेय आणि भाषेपाशी गाडी अडलीय.

त्या पिशवीला 'पोक' म्हणतात, डोंगरामधल्या चिंचोळ्या खोऱ्याला 'हॉलर'. 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण, रात्रीचं ते 'सपर'. हे मला ठाऊक नव्हतं. डिनरला बोलावलं म्हणून आम्ही संध्याकाळी सातला, हातात शिऱ्याचा डबा घेऊन दारात. आजींनी दुपारीच बीन्स आणि मक्याचा ब्रेड करून वाट पाहिली होती! रागावल्या नाहीत, नुसतं 'ब्लेस युअर हार्ट' (देव तुमचं भलं करो) म्हणाल्या. ती माया होती की टोमणा, अजून कळलेलं नाही.

'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश'मधून अर्थ लागतो, पण लहेजा कुठून आणू? उन्हात पाऊस पडला की त्या म्हणतात, सैतान बायकोला मारतोय. तिथे आपलं 'कोल्ह्याचं लग्न' टाकू की सैतानच राहू दे? 'भिजलेल्या कोंबडीपेक्षा चिडलेली' याचं काय करू? आपल्याकडे भिजलेली कोंबडी म्हणजे बिचारीच वाटते.

'देवाची इच्छा असली आणि ओढ्याला पूर आला नाही, तर येईन' हे मात्र तसंच्या तसं बसलं.

पुणेरी प्रमाण मराठीत आजी अगदी शाळेच्या बाई वाटतात. मालवणी किंवा वऱ्हाडी दिली तर त्या टेनेसीच्या उरतील का? कुणी असा अनुवाद केला असेल तर सांगा. आणि चिडलेल्या बाईसाठी तुमच्या गावाकडचे शब्दही हवेत.