मोठ्या दुकानांनी लॉटरीचं तिकीट ठेवायला काय हरकत आहे?

गोदाकाठ (धागाकर्ता):
आपल्या नाशिकात गंगापूर रोड घ्या नाहीतर कॉलेज रोड, मोठ्या दुकानात एका छताखाली तांदूळ, चपला, मिक्सर, केक सगळं मिळतं. दिवाळी बंपरचं तिकीट हवं असेल तर मात्र शालिमारकडे किंवा सीबीएस बसस्थानकाच्या आसपास टपरी शोधायची. वस्तू काही चोरटी नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ पासून चालू आहे, ती वित्त विभागाच्या अखत्यारीत आहे आणि १९९८ चा केंद्रीय लॉटरी कायदा तिला लागू आहे.

माझं म्हणणं असं की बिल देणाऱ्या दुकानात तिकीट मिळालं तर गिऱ्हाइकाचं भलंच होईल. छापील किमतीवर वर पैसे घेता येणार नाहीत, आणि तिकीट कुठून घेतलं याचा पुरावा हातात राहील. मग ही दुकानं का टाळतात? नीतीचं कारण मला पटत नाही. दिवाळीत 'अमुक रुपयांची खरेदी करा, लकी ड्रॉमध्ये गाडी जिंका' हे फलक याच दुकानांत लागतात.

काउंटर नंबर ४:
नीती राहू द्या बाजूला, खरं कारण गल्ल्यावर आहे. साबणाच्या हजार वड्यांना एकच बारकोड चालतो, कारण एक वडी दुसरीसारखीच असते. तिकिटाचं तसं नाही. प्रत्येकाची मालिका वेगळी, क्रमांक वेगळा. बिलाच्या मशीनमध्ये '१०० रुपयांचं तिकीट' असा एक कोड टाकून विक्री नोंदवता येईल, पण कुठल्या क्रमांकाचं गेलं ते त्यात येत नाही. त्यासाठी वही ठेवावी लागते. पाळी बदलताना हातातल्या गठ्ठ्याचा पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, मधून गेलेले क्रमांक, दोघांच्या सह्या. १०० रुपयांची १०० तिकिटं म्हणजे १०,००० रुपयांचा माल, आणि तो शर्टाच्या खिशात मावतो.

वर गिऱ्हाईक निवडून घेतं. 'शेवटी ७ असलेलं दाखवा', 'हा आकडा नको, दुसरा गठ्ठा काढा'. टपरीवर ते चालतं, किंबहुना विक्रेत्याची कमाई त्यावरच असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी भरलेल्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असताना एकाने ५ मिनिटं तिकिटं चाळली तर मागचे लोक ट्रॉली तिथेच सोडून जातात.

आणि सोडत झाली की उरलेलं तिकीट म्हणजे कोरा कागद. बिस्किटाची मुदत जवळ आली तर दर पाडून काढता येतात. इथे ती सोय नाही. न विकलेली तिकिटं वितरकाला परत करायची मुदत चुकली की शिल्लक दुकानदाराच्या माथी.

हिशेबवही:
काउंटरबरोबर कराचंही बघा. लॉटरीवर जीएसटी १ मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हा कर छापील किमतीतच धरलेला असतो. म्हणजे १०० रुपयांच्या तिकिटातले २८ रुपये ५७ पैसे कराचे. पूर्वी हा आकडा २१ रुपये ८८ पैसे होता. बक्षिसं, वितरक आणि विक्रेत्याचं कमिशन उरलेल्यातून निघतं, त्यामुळे शेवटच्या विक्रेत्याकडे फार काही सुटायची आशा नाही.

कर वरच्या टप्प्यावर भरला गेला की किरकोळ विक्रीवर पुन्हा लागत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळे ती विक्री करमुक्त गणली जाते आणि जीएसटीचा नियम ४२ लागू होतो. दुकानाचं भाडं, सुरक्षा, देखभाल यांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे विक्रीच्या करातून तो वजा करायची सोय, करमुक्त विक्रीच्या प्रमाणात सोडून द्यावं लागतं. उदाहरण म्हणून धरा: महिन्याची एकूण उलाढाल ४ कोटी, त्यात तिकिटं ४ लाखांची, सामायिक क्रेडिट ५ लाख. १ टक्का म्हणजे ५,००० रुपयांचं क्रेडिट गेलं. कमिशन ५ टक्के धरलं तर २०,००० मिळाले, त्यातला पाव हिस्सा इथेच संपला. शिवाय कमिशन २०,००० च्या वर गेलं की देणारा २ टक्के टीडीएस कापतो. तो पुढे वळता होतो, पण जुळवणी करत बसावं लागतं.

रविवार कारंजा:
हिशेबवही, गणित बरोबर आहे, पण चित्र अर्धं आहे. नियम ४२ सुपरमार्केटला नवा नाही. ताजी भाजी, फळं, सुटं धान्य, पिशवीतलं दूध हे सगळं करमुक्तच. त्यांचं प्रमाण काढून क्रेडिट सोडण्याचं काम दरमहा होतंच, त्यात एक ओळ वाढेल. ५,००० रुपयांसाठी कोणी धंदा नाकारत नाही.

काउंटर नंबर ४ यांचा मुद्दा खरा आहे, पण तो बिलाच्या रांगेतल्या विक्रीला लागू होतो. पार्किंगमधून आत येताना जिथे मोबाइल कव्हर आणि मक्याचे दाणे विकणारे बसतात, तिथे लॉटरीचा गाळा द्या. जागा दुकानाची, माल आणि वही गाळेवाल्याची, दुकानाला नुसतं भाडं. अमेरिकेतल्या कित्येक सुपरमार्केटांत तिकिटाचं मशीन दाराजवळ उभं असतं, कॅशिअरचा संबंधच येत नाही.

काउंटर नंबर ४:
अमेरिकेचंच घ्या. टेक्सासात विक्रेत्याला ५ टक्के, न्यूयॉर्कमध्ये ६ टक्के कमिशन मिळतं. पेट्रोल पंपाला ते परवडतं, कारण तिकिटासाठी आत आलेला माणूस कॉफी घेऊन जातो. महिन्याचा किराणा भरायला येणाऱ्याला आत ओढायला तिकीट लागत नाही.

गाळा दिला तरी बक्षिसाचं काय? जिंकलेला माणूस तिकीट घेऊन दुकानाच्याच मदत-काउंटरवर येणार, कारण पाटी त्यांची आहे. लहान बक्षीस विक्रेत्याने द्यायचं असतं, आणि इथेच माणूस फसतो. ३ चा ८ केलेला असतो. तिकीट उजेडासमोर धरायचं, आकड्यावरून नख फिरवायचं. खरवडलेल्या जागी कागद खडबडीत लागतो आणि मागची बारीक नक्षी पुसट दिसते. मग मालिका आणि सोडतीची तारीख निकालाच्या छापील यादीशी जुळवायची, नुसता क्रमांक पाहून भागत नाही. चूक झाली तर वितरक ते तिकीट परत घेत नाही, पैसे देणाऱ्याचे जातात. टपरीवाल्याची नजर यात वर्षानुवर्षं तयार झालेली असते. सहा महिन्यांनी नोकरी बदलणाऱ्या कॅशिअरकडून ती अपेक्षा धरू नये.

सातपूरकर:
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे आणि तो मी मनापासून मांडतोय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पगार झाला की घरची माणसं एकत्र किराणा भरायला निघतात. ठरलेल्या पैशात तेल, डाळ, वह्या बसवायच्या असतात. त्याच वाटेवर तिकीट ठेवलं की पैसे कुठून निघणार ते सांगायला नको. टपरीवर जायला वेगळं पाऊल उचलावं लागतं, ते अंतर राहू द्या.

लकी ड्रॉशी तुलना मला पटत नाही. त्यात तिकिटाचे वेगळे पैसे घेतले की ती विनापरवाना लॉटरी होते, त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ आहे. बक्षिसाचा खर्च मालाच्या किमतीतून काढला तरी २०१९ च्या ग्राहक कायद्यात ती अनुचित प्रथा धरली जाते.

आणखी एक. १९९८ च्या कायद्याने नुसत्या एका आकड्यावर बक्षीस द्यायला मनाई आहे, एका लॉटरीची आठवड्याला एकापेक्षा जास्त सोडत चालत नाही, बंपर वर्षाला ६ च. तरी लॉटरीच्या पाटीआड मटक्यासारखा आकडा लावणारे असतातच. असं काही गाळ्यात सापडलं तर कलम ७ प्रमाणे २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा कंपनीचा ठरला तर कलम ९ तिच्या जबाबदार माणसांपर्यंत पोचतं. आमचा फक्त भाडेकरू होता, हे व्यवस्थापकाला चौकशीत सिद्ध करत बसावं लागेल. एवढी जोखीम मोठी साखळी भाड्यापायी का घेईल?

गोदाकाठ:
सातपूरकर, घरच्या पैशांचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कलम ७ ची भीती कागदी तिकिटाला लागू होत नाही. राज्याचा शिक्का, चिन्ह, सोडतीची तारीख छापलेली असते, वितरकाचं बिल असतं. गाळ्यात संगणक ठेवू द्यायचा नाही, फक्त छापील तिकीट, ही अट भाडेकरारात घातली की आकडा चालवायची मुख्य वाटच बंद होते.

रविवार कारंजा:
त्यात माझी भर. वर्षभर नको, फक्त बंपरच्या आधीचे तीन आठवडे. एकच किंमत, एकच सोडत, ठरलेला गठ्ठा. परतीच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी विक्री बंद करून शिल्लक मोजून परत. बक्षीस द्यायचं नाही, तशी मोठी पाटी, आणि तिकिटाच्या मागे नाव-पत्ता-सही करायला एक पेन दोरीला बांधून. १०,००० च्या वरच्या बक्षिसातून ३० टक्के कर आधीच कापला जातो हेही त्याच पाटीवर लिहा, म्हणजे घेणाऱ्याला कळेल.

काउंटर नंबर ४:
तीन आठवड्यांचं जमेल, पण ते तीन आठवडे दिवाळीचे. दाराजवळची तीच जागा फराळाच्या डब्यांना आणि सुक्यामेव्याच्या खोक्यांना लागते. एका टेबलाएवढ्या जागेत सुकामेवा दिवसाला काय देतो आणि तिकिटाचा गाळा काय भाडं देईल, हे मांडून बघा. खरेदी विभागात हा प्रस्ताव पहिल्या बैठकीत तिथेच अडतो.