ग्रीकांनी वसाहती वसवल्या, पण किनारे ओसाड नव्हते

दीपमाळ
परवा एक पोस्ट वाचली. सार असं, की लोकसंख्या वाढली, जमीन पुरेना, म्हणून साहसी ग्रीक तरुण जहाजं घेऊन निघाले आणि भूमध्य समुद्राच्या ओसाड किनाऱ्यांवर त्यांनी नगरं उभी केली. खाली नुसत्या टाळ्या. गप्प बसवेना म्हणून लिहिते आहे.

साहसी कोण? थेरा बेटाचंच (आजचं सांतोरिनी) बघा. सात वर्षं पाऊस नाही, एक झाड सोडून सगळी वाळली, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. ग्रीसमधल्या डेल्फीच्या मंदिरातल्या देववाणीने लिबियात जा म्हणून आधीच बजावलं होतं. मग दोन भावांपैकी एकाने जायचं, कोणी ते चिठ्ठीवर ठरणार. बॅटसच्या हाताखाली पन्नास वल्ह्यांची दोन जहाजं निघाली. तीच माणसं हताश होऊन माघारी आली, तर त्यांच्याच गाववाल्यांनी किनाऱ्यावरून मारा केला, उतरू दिलं नाही. त्यांनी शेवटी लिबियात वसवलेल्या सायरीन नगरातल्या शिलालेखात तर थेराची शपथच कोरलेली आहे: जायला नकार देणाऱ्याला मृत्युदंड आणि मालमत्ता जप्त. बापाने मुलाला लपवलं तरी तीच शिक्षा. मेणाच्या बाहुल्या जाळून शपथ मोडणाऱ्याला शाप दिले ते वेगळेच. ही हकालपट्टी आहे.

आणि ओसाड काय होतं? सायरीनची जागा लिबियनांनीच दाखवली, 'इथे आभाळाला भोकं आहेत' म्हणून, म्हणजे पाऊस भरपूर. तिसऱ्या राजाच्या काळात डेल्फीने आणखी ग्रीक बोलावले, लिबियनांची जमीन गेली, त्यांचा राजा अडिक्रान इजिप्तच्या फॅरोकडे धावला. इ.स.पू. ५७० च्या सुमारास इरासाजवळ सायरीनच्या ग्रीकांनी इजिप्तची फौज कापून काढली. ती लढाई कुणाच्या जमिनीसाठी झाली?

खलाशी
शिलालेख इ.स.पू. चौथ्या शतकातला. सायरीन वसलं इ.स.पू. ६३१ च्या आसपास. मधे जवळजवळ तीनशे वर्षं गेली. शिवाय तो कोरला तो सायरीनमध्ये राहणाऱ्या थेरावासीयांना नागरिकत्व देताना, म्हणजे जुनी शपथ दाखवण्यात त्यांचा स्वार्थ होता. त्याच शपथेत पाच वर्षांत जम बसला नाही तर परत या, आपली मालमत्ता घ्या, अशीही सोय आहे. ते तुम्ही गाळलंत.

एका बेटाच्या दुष्काळावरून सगळ्या ग्रीकांचं मन वाचू नका. इटलीजवळच्या इस्किया बेटावरची ग्रीक वस्ती पिथेकुसाई इ.स.पू. आठव्या शतकातली. तिथे एल्बा बेटाचं लोखंड वितळवलं जायचं, फिनिशियन (आजच्या लेबनॉनकडचे दर्यावर्दी व्यापारी) शेजारी राहायचे. ती माणसं व्यापाराला गेली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं मार्सेय वसवणारे फोसिया या ग्रीक नगराचे लोकही दर्यावर्दी व्यापारीच.

दीपमाळ
सोय शपथेत लिहिली होती, हेरोडोटसच्या गोष्टीत दगड पडले. दोन्ही बाजू समोर आहेत, तुम्ही फक्त सोयीची धरता. पिथेकुसाईत व्यापार होता, मान्य. पण म्हणून सिसिली बेटावरचं सिरॅक्यूजही व्यापाराने वसलं असं होत नाही. दुसरा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज सरळ लिहितो, ग्रीसमधल्या कॉरिंथच्या आर्कियसने आधी सिकेल लोकांना (सिसिलीचे मूळ रहिवासी) तिथल्या ऑर्टिजिया बेटावरून हुसकावलं.

पाणलोट
माझं ऐका. आमचं सातारा जिल्ह्यातलं गाव धरणात गेलं. आजोबांनी आयुष्यात तालुका ओलांडला नव्हता. जमीन मिळाली ती लांब, आणि तिथल्याच शेतकऱ्यांकडून संपादन केलेली. पहिली कित्येक वर्षं त्या गावात विहिरीवर आजीला पाणी भरू दिलं नाही. त्यांचा राग खोटा नव्हता, त्यांची जमीन कापून आम्हाला दिली होती. आमचंही दुःख खोटं नव्हतं. पुढे आमच्याच घरातली पोरं त्या गावकऱ्यांना 'हे लोक' म्हणायला लागली. थेरावाले मला यात दिसतात. ज्यांना घरातून काढलं, त्यांनीच दुसऱ्याला काढलं.

खलाशी
तुमच्या आजीबद्दल आदर आहे, पण धरणग्रस्तांना शासनाने हलवलं आणि ग्रीकांनी तलवार घेऊन जमीन घेतली. दोन्ही एकाच पारड्यात कसं टाकता? इतिहासाच्या धाग्यावर पुनर्वसनाचं गाऱ्हाणं कशाला?

पाणलोट
गाऱ्हाणं म्हणू नका. ज्याच्या घरी झालंय त्याला ते कळतं. तुम्ही लोखंडाच्या भट्ट्या मोजा, आम्ही माणसं मोजतो. आणि शासनाने हलवलं म्हणजे तलवार नव्हती असं वाटतं का तुम्हाला? पोलीस बंदोबस्तात गाव उठलं आमचं.

माहेरवाशीण
भांडताय त्यात बायका कुणी विचारल्याच नाहीत. त्या दोन जहाजांत हेरोडोटस फक्त पुरुष मोजतो. मग संसार कुणाशी झाले? आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या मिलेटसचं तोच सांगतो: तिथे आलेल्या ग्रीकांनी तिथल्या कॅरियन लोकांचे पुरुष मारले आणि त्यांच्या बायका-मुलींना बायका केलं. त्या बायकांनी शपथ घातली, नवऱ्यासोबत जेवायचं नाही, त्याला नावाने हाक मारायची नाही, आणि ती शपथ लेकींनाही दिली. सायरीनच्या बायका गाईचं मांस खात नसत, शेजारच्या लिबियन बायकांसारख्याच. कुणाच्या घरातून त्या आल्या असतील, हे सांगायला पुरावा आणखी कोणता हवा?

खलाशी
मिलेटसची कथा आयोनियन स्थलांतराची (ग्रीक त्या किनाऱ्यावर पहिल्यांदा गेले तेव्हाची), वसाहतींच्या कितीतरी आधीची. काळ तरी नीट धरा.

माहेरवाशीण
काळ वेगळा, रीत तीच. गाईच्या मांसाचं उत्तर दिलं नाहीत.

खलाशी
लिबियनांशी सोयरिक झाली, नाकारत नाही. सक्तीची होती की खुशीची, हे तुम्ही ठरवून टाकलंत. सिसिलीतच मेगारा हायब्लिया या ग्रीक वसाहतीला सिकेल राजा हायब्लॉनने स्वतः जमीन दिली. हेही थ्युसिडिडीजच लिहितो.

दीपमाळ
एका हायब्लॉनने दिली, म्हणून सगळीकडे दिली? सिरॅक्यूजच्या जमीनदारांची शेतं किल्लिरिओई नावाचे गुलाम कसत, बहुतेक अभ्यासकांच्या मते ते मूळचे सिकेलच. शेवटी त्यांनी सामान्य नागरिकांशी हातमिळवणी करून जमीनदारांना शहराबाहेर काढलं. इ.स.पू. ४८५ मध्ये शेजारच्या गेला नगराचा हुकूमशहा गेलॉनने त्या जमीनदारांना परत आणून बसवलं आणि शहर स्वतःच्या ताब्यात घेतलं. हे सगळं सांगून मग व्यापाराचं बोला.