मदत हवी आहे: एफएमआरआय (मेंदूचं काम टिपणारं स्कॅन) ग्रुप अ‍ॅनालिसिसला फ्लेम की रँडमाइज?

मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय, इथं यातलं विचारायला कुणी सापडेना. १४ पेशंट, १६ नॉर्मल, एकच टास्क रन (काम करतानाचं एकच स्कॅन), एफएसएल या मेंदू-स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये फर्स्ट लेव्हल (प्रत्येकाचं वेगळं विश्लेषण) झालंय, मोशनही (डोक्याची हालचाल) तपासलंय. फ्लेमला (एफएसएलची गट-तुलनेची पद्धत) झेड २.३ च्या कटऑफवर डाव्या इन्सुलात (मेंदूचा एक आतला भाग) मोठा क्लस्टर दिसतोय, ३.१ केलं की सगळा गायब, आणि ढिल्या कटऑफवर खोटे क्लस्टर जास्त येतात असं दाखवणारा २०१६ चा एकलंड यांचा पेपर वाचल्यापासनं २.३ वर विश्वास ठेवायचं धाडसच होत नाही. मग रँडमाइजनं (गटांची अदलाबदल करून तपासणारी एफएसएलचीच दुसरी पद्धत) टीएफसीई (ठराविक कटऑफ न लावता क्लस्टर जोखणं) वापरून ५००० परम्युटेशन लावली, करेक्टेड पी ०.०७, म्हणजे ०.०५ च्या वरच. त्यात पेशंट सरासरी ८ वर्षांनी मोठे, म्हणून वय डीमीन करून (सरासरी वजा करून) कोव्हेरिएट म्हणून मॉडेलमध्ये घातलंय, वयाचा परिणाम वेगळा काढायला. नवीन स्कॅन शक्य नाहीत. आता निकाल बघून झाल्यावर अ‍ॅटलासमधला (मेंदूच्या नकाशातला) अख्खा इन्सुला मास्क देऊन, म्हणजे तेवढाच भाग तपासून, रँडमाइज चालवलं तर ते चालतंय का, आणि वय मॉडेलमध्ये ठेवू की काढू?